लेकरावर हात उचलल्यानंतर

बेळगावच्या वडगाव भागात राहणाऱ्या एका आईने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. "माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. नवरा गोव्यात कामाला असतो, पंधरा दिवसांतून एकदा येतो. मी खडेबाजारात कापडाच्या दुकानात काम करते. मला कन्नड नीट वाचता येत नाही, पण पुस्तकातला शब्द आणि त्याने लिहिलेला शब्द ताडून बघते. गेल्या आठवड्यात न बघता शब्द लिहून घेताना एकच शब्द तो पाचव्यांदा चुकला आणि मी लाकडी पट्टीने त्याच्या दंडावर मारलं. वळ उठला. त्याच दिवशी दुकानात एका बाईंनी कन्नडमध्ये काही विचारलं होतं, मला उत्तर देता आलं नाही आणि सगळ्यांसमोर मला बोलणी बसली होती. तेव्हापासून मुलगा काहीही करायच्या आधी विचारतो, 'आई, तू चिडणार नाहीस ना?' सासूबाई म्हणतात, आम्हीपण पोरांना बदडलं, काही बिघडलं नाही. मला मात्र झोप लागत नाही. मी वाईट आई आहे का? मी स्वतःला माफ कशी करू?"

ताई, तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मी देणार नाही, कारण त्याचे उत्तर 'हो' असो वा 'नाही', त्याचा तुमच्या मुलाला काडीचाही उपयोग नाही. तुम्ही रात्रभर स्वतःचा न्यायनिवाडा करत बसता, तेव्हा शेजारी झोपलेला मुलगा त्या खटल्यात कुठेच नसतो. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे आणि बेळगावात, तसेच खानापूर आणि निपाणी भागात पालकांशी आणि मुलांशी बोलण्यात गेलेल्या चोवीस वर्षांत तो मला निरनिराळ्या शब्दांत शेकडो वेळा विचारला गेला आहे. माझे उत्तर असे आहे की स्वतःला क्षमा करणे हे काम रात्री एकटीने अंथरुणात पडून होत नाही. ते मुलाकडे परत जाण्याच्या वाटेवर होते. जी आई परत जाते, झाले ते नीट नाव घेऊन सांगते आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून घरात एखादी गोष्ट खरोखर बदलते, तिच्या मनावरचे ओझे हळूहळू उतरते. जी आई आधी स्वतःला माफ करून मग मुलाकडे जाऊ असे ठरवते, ती बहुधा वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच उभी राहते.

आधी सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल, कारण त्यांचे वाक्य तुमच्या घरात रोज ऐकू येत असणार. त्यांचा अपमान करण्याचे कारण नाही. त्यांच्या काळात मुलाला वळण लावण्याचे दुसरे साधन त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. परंतु 'काही बिघडलं नाही' हे म्हणणे अभ्यासांच्या कसोटीवर टिकत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतील १ लाख ६० हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली. मुलांना फटके देण्याचा संबंध त्यांना आक्रमकपणाशी, मानसिक त्रासाशी आणि आईवडिलांशी बिघडलेल्या नात्याशी आढळला. फटक्यांमुळे मुले अधिक शहाणी किंवा आज्ञाधारक झाल्याचे त्यात दिसले नाही. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, ती उगाच नव्हे. तरीही या आकड्यांचा अर्थ एका संध्याकाळच्या एका फटक्याने मूल कायमचे मोडते असा होत नाही. असे अभ्यास हजारो घरांत दिसणारा कल सांगतात. तुमच्या घराचे पुढे काय होणार हे त्या फटक्यानंतरच्या दिवसांवर बरेच अवलंबून आहे, आणि ते दिवस अजून तुमच्या हातात आहेत.

आता त्या संध्याकाळकडे जरा थांबून पाहू. तुम्ही प्रश्नात दुकानातला प्रसंग स्वतःहून लिहिला आहे, यावरून तुम्हालाही आतून काहीतरी उमगले असावे. सकाळी भर दुकानात कन्नड न आल्याबद्दल तुमची मान खाली गेली. संध्याकाळी तेच कन्नड वहीच्या पानावर तुमच्यासमोर उघडे होते आणि तुमचा मुलगा त्यात अडखळत होता. तो चुकतो आहे एवढेच तुम्हाला दिसले नाही. वीस वर्षांनी त्यालाही कुणीतरी चारचौघांत असेच बोलेल, हे दिसले. पट्टी उचलली ती त्या भीतीने आणि त्या अपमानाने. हे मी तुमचा दोष हलका करण्यासाठी सांगत नाही. राग नेमका कोणत्या दारातून आत आला हे कळल्याशिवाय ते दार लावता येत नाही, म्हणून सांगते आहे.

मुलाच्या बाजूनेही पाहायला हवे, कारण आपल्या सीमाभागातील पुष्कळ मराठी पालकांना हे कुणी समजावून सांगितलेले नसते. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत पहिली ते दहावीपर्यंत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे सक्तीचे झाले आहे, त्यामुळे ही वही अनेक मराठी घरांत रोज संध्याकाळी उघडते. मराठीत जोडाक्षर लिहिताना आपण आधीचे अक्षर अर्धे करतो आणि पुढचे पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये आधीचे अक्षर पूर्ण लिहून पुढच्या व्यंजनाचे लहान रूप त्याच्या खाली जोडतात, ज्याला ओत्तक्षर म्हणतात. 'पुस्तक' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण आपल्या लिपीत त्यातला स अर्धा होतो आणि कन्नडमध्ये स पूर्ण राहून त ओळीखाली जातो. ज्याचा हात घरात, दुकानाच्या पाटीवर, देवळाच्या भिंतीवर मराठी अक्षरे पाहत वाढला, त्याला हा उलटा क्रम नऊव्या वर्षी सहज साधत नाही. कानाचेही तसेच आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे आहेत. 'दोन' या अर्थाच्या एरडु शब्दातला ए आखूड आहे आणि 'सात' या अर्थाच्या एळु मधला लांब. मराठीत हा भेद नाही, म्हणून मराठी कानाला तो ऐकूच येत नाही आणि जो ऐकू येत नाही तो पाच वेळा लिहिला तरी पाच वेळा चुकतो. तुमचा मुलगा आळस करत नव्हता. तो अवघड काम करत होता आणि समोर बसलेली आई त्या कामात त्याच्याइतकीच चाचपडत होती. त्या पाटावर त्या वेळी खरे म्हणजे दोन विद्यार्थी बसले होते.

तुम्हाला झोप लागत नाही याचे मला वाईट वाटते, पण आश्चर्य वाटत नाही. येथे एक भेद ध्यानात घ्यावा असे मला कळकळीने सांगायचे आहे. जून टँग्नी या मानसशास्त्रज्ञाने अपराधभाव आणि शरम या दोन भावनांवर दीर्घकाळ संशोधन केले. आपल्या बोलीत सांगायचे तर 'माझं चुकलं' हा अपराधभाव आणि 'मी चुकीचीच आहे' ही शरम. ऐकायला दोन्ही सारखीच वाटतात. दोन्हींनी डोळ्यांत पाणी येते. परंतु अपराधभाव माणसाचे तोंड ज्याला लागले त्याच्याकडे वळवतो आणि भरपाई करायला लावतो, तर शरम माणसाला स्वतःच्याच भोवती फिरवत ठेवते, लपायला लावते आणि कित्येकदा पुन्हा रागाकडे ढकलते. 'मी वाईट आई आहे' हे वाक्य ज्या घरात रोज मनातल्या मनात म्हटले जाते, त्या घरात मुलाच्या दंडावरचा वळ आईला आरोपासारखा दिसू लागतो. मग ती त्याच्याकडे पाहणे टाळते, किंवा 'तूच मला मारायला लावलंस' असे म्हणून मोकळी होते, किंवा दोष धुऊन निघावा म्हणून त्याच्या हाती मोबाइल देते, हवे ते आणून देते. यातल्या कुठल्याच वागण्यातून मुलाला झालेल्या गोष्टीचा अर्थ कळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले, पण समजले ते स्वतःच्या घरात. माझी मुलगी पाचवीत असताना निपाणीजवळच्या एका गावात पालकांशी रागाविषयी दोन तास बोलून मी संध्याकाळच्या बसने घरी आले. तिने माझ्या टेबलावरच्या महत्त्वाच्या कागदांच्या मागे चित्र काढले होते. मी तो कागद तिच्या देखत टराटरा फाडला आणि जे बोलले ते आजही लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी पाव किलो कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, आणि नवी रंगपेटी आणली आणि काही झालेच नाही अशी वागले. माझ्या मनाने ती माझी माफी होती. अकरा वर्षांनी तिने एकदा शांतपणे सांगितले, "चित्र फाडलंस त्याचं एवढं नाही वाटलं आई. दुसऱ्या दिवशी तू हसत कुंदा दिलास, तेव्हा मला वाटलं की बहुतेक मलाच वाईट स्वप्न पडलं होतं." मी तिला त्या दिवशी जे द्यायला हवे होते ते एक वाक्य होते, आणि त्याऐवजी मी तिला स्वतःच्या आठवणीवरच शंका घ्यायला लावली. त्या संभाषणात, ती एकवीस वर्षांची असताना, मी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारले. उशिरा का होईना, ते तिच्यापर्यंत पोहोचले हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले, म्हणूनच मी पालकांना धीराने सांगू शकते की वेळ निघून गेली असे समजून गप्प राहू नका.

नाते तुटणे आणि पुन्हा जुळणे यांविषयी एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचे काम येथे सांगण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात त्यांनी लहान बाळांच्या आयांना, बाळाशी खेळता खेळता, दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळे आधी हसून, हात हलवून, आवाज काढून आईला परत बोलावण्याचा प्रयत्न करत, आणि तिने प्रतिसाद दिला नाही की कासावीस होऊन तोंड फिरवत. त्या प्रयोगाचे ते दुःखद दृश्य पुष्कळांना माहीत असते. त्यांच्या कामातील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. निरोगी, प्रेमळ आई-बाळांच्या जोड्याही साध्या खेळात केवळ सुमारे ३० टक्के वेळ एकमेकांशी अचूक जुळलेल्या असतात. उरलेला वेळ चुकामूक होते आणि पुन्हा जुळवून घेणे चालू राहते, आणि या पुन्हा जुळण्यातूनच बाळ शिकते की बिनसलेले नीट होऊ शकते. त्याआधी, १९५३ मध्ये, डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली होती. बाळाला वाढण्यासाठी निर्दोष आई लागत नाही, आणि बाळाला झेपेल अशा बेताने आईचे कमी पडत जाणे हा त्याच्या वाढीचाच भाग असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मात्र या संशोधनाचा आधार घेऊन 'मारलं तरी चालतं, नंतर जुळवून घेतलं की झालं' असे कुणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. ट्रॉनिक ज्या चुकामुकीविषयी बोलतात ती नजर न मिळणे, भूक ओळखायला उशीर होणे या जातीची आहे. पट्टीचा फटका त्या जातीचा नाही. त्यात मुलाला ज्या माणसाकडे धावत जायचे असते त्याच माणसाची भीती वाटते, आणि ही कोंडी लहान मुलाच्या मनाला फार जड जाते. म्हणून अशा प्रसंगानंतरची दुरुस्ती आपोआप होत नाही. मोठ्या माणसाने ती समजून उमजून करावी लागते.

ती कशी करावी, हे आता सांगते. रात्री झोपताना, तुमचे डोळे भरून आलेले असताना मुलाला कवटाळून माफी मागू नका. तुम्ही रडलात की तोच तुमचे डोळे पुसत "रडू नको आई, माझंच चुकलं" म्हणेल, आणि नऊ वर्षांच्या मुलाने आईला सांभाळायचे हे ओझे फटक्याहून हलके नाही. सुट्टीची सकाळ निवडा, दोघांचे पोट भरलेले असताना, शेजारी बसून, त्याच्या हातात काहीतरी काम असताना. शेंगा सोलणे असो की वह्यांना कव्हर घालणे असो. मुलांना समोरासमोर बसवले की ती अंग चोरतात, शेजारी बसले की ऐकतात. मग एवढेच सांगा: "त्या दिवशी कन्नडचा शब्द चुकला म्हणून मी तुला पट्टीने मारलं. तुला लागलं आणि तू घाबरलास. मी मारायला नको होतं. चूक माझी होती, तुझी नव्हती." यापुढे 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. 'पण तूही लक्ष दिलं असतंस तर' असे वाक्य जोडले की आधीची चारही वाक्ये पुसली जातात. दुकानातला प्रसंग सांगायचा असेल तर एका वाक्यात सांगा, "त्या दिवशी मी दुसऱ्याच गोष्टीने चिडले होते," म्हणजे त्याला कळेल की आईचा सगळा राग आपल्यामुळे येत नाही. त्याच्याकडून 'माफ केलं' असे वदवून घेऊ नका.

'तुझी शपथ, पुन्हा कधीच मारणार नाही' असे वचनही देऊ नका. शपथ मोडली की मुलाचा तुमच्या शब्दावरचा उरलासुरला विश्वासही जातो, आणि आपल्याकडे गळ्याची शपथ घेतलेली मोडली तर माणसाला काही होते अशी भीती मुलांच्या मनात असते, ती वेगळीच. त्याऐवजी तुमच्या हातात असलेली कृती सांगा. "मला राग यायला लागला की मी वही मिटून परसात जाईन आणि पाणी पिऊन परत येईन. मी निघून गेले तर तू घाबरू नकोस, मी येतेच आहे." हे सांगितल्यानंतर पहिल्या आठवड्यात, राग आलेला नसतानाही, एकदा मुद्दाम तसे करून दाखवा. परसात जाऊन परत आलेली आई त्याला एकदा दिसली पाहिजे. आणि ती पट्टी अभ्यासाच्या जागेवरून उचलून ठेवा. तो तिच्याकडे पाहत लिहीत असेल हे तुमच्या ध्यानातही येत नसेल.

अभ्यासाचे बदला. संध्याकाळी सात ते आठ हा तास, जेव्हा तुम्ही दिवसभर उभ्या राहून घरी परतलेल्या असता, गॅसवर भात असतो आणि दोघेही भुकेलेले असतात, त्या तासाला कन्नडची वही उघडू नका. तुमच्या गल्लीत कन्नड बोलणारे शेजारी नक्कीच असतील. वडगाव-शहापुरात मराठी आणि कन्नड घरे भिंतीला भिंत लावून आहेत, आणि मी स्वतः जे कन्नड शिकले ते शेजारच्या अक्कांच्या ओट्यावर बसून. त्यांच्या घरातल्या मोठ्या मुलीकडे आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास त्याला बसवता आले तर पाहा. त्याबरोबर, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, रोज एक अक्षर त्याच्याकडून तुम्ही शिका. तो शिक्षक आणि तुम्ही विद्यार्थिनी. तुम्ही ओत्तक्षर चुकवाल, तो तुम्हाला दुरुस्त करेल, आणि चुकल्यावर माणूस कसा चुकीकडे पाहतो हे तो तुमच्या चेहऱ्यावर वाचेल. तुम्ही कपाळावर हात मारून "मला येतच नाही, मी ढ" म्हणालात तर तो तेच शिकेल. तुम्ही "परत एकदा दाखव" म्हणालात तर तेही शिकेल.

येथून आपण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. स्वतःशी करुणेने वागणे या विषयावर क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून जे संशोधन मांडले आहे, त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: स्वतःशी मायेने बोलणे, आपले दुःख इतर माणसांच्या दुःखाचाच एक भाग आहे हे ओळखणे, आणि जे वाटते आहे ते न फुगवता, न दडपता पाहणे. पहिली गोष्ट सोपी करण्यासाठी मी पालकांना विचारते की हाच प्रश्न तुमच्या धाकट्या बहिणीने फोनवर रडत विचारला असता तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? 'तू राक्षसीण आहेस' असे म्हणाला नसतात. 'काही झालं नाही, सोड' असेही म्हणाला नसतात. 'अगं, चुकलं तुझं, त्याला जवळ घे, आणि तू आधी चार घास खा' असे काहीसे म्हणाला असतात. त्या वाक्यात चूक झाल्याची कबुली आहे आणि मायाही आहे. तेच वाक्य स्वतःला म्हणणे म्हणजे स्वतःला क्षमा करणे. सुरुवातीला ते खोटे वाटते, तरी म्हणावे.

दुसऱ्या गोष्टीबाबत सावध राहावे लागते. 'सगळेच आईबाप चुकतात' आणि 'सगळेच मारतात, त्यात काय' ही दोन वाक्ये शेजारशेजारची वाटतात, पण पहिल्याने माणसाचा एकटेपणा जातो आणि दुसऱ्याने मुलाचे दुखणे पुसले जाते. निपाणीत तंबाखूच्या वखारीतून परतून घरी विड्या वळत मुलांची पाठांतरे घेणाऱ्या बाया, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करून सकाळी मुलाला शाळेत सोडणारे बाप, शहापुरात मागाच्या खडखडाटात मुलाशी ओरडूनच बोलावे लागणारे विणकर, हे सगळे कधी ना कधी माझ्यासमोर तुमच्यासारखाच चेहरा घेऊन बसले आहेत. तुम्ही एकट्या नाही, हे मी एवढ्याच अर्थाने सांगते.

आणि स्वतःला क्षमा केली तर आपण सैल पडू, पुन्हा मारू, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या उलट दिसले. कठीण परीक्षेत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहायला सुचवले होते, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. ज्याला आपली चूक पाहताना जीव घाबरा होत नाही, तोच ती चूक पुरेसा वेळ पाहू शकतो. माझ्या अनुभवातही पुन्हा पुन्हा हात उचलणारे पालक स्वतःला माफ करणारे नसतात. ते स्वतःचा मनातून तिरस्कार करणारे असतात.

मुलाच्या वडिलांविषयी थोडेसे. 'बाबा आले की सांगते' हे वाक्य घरातून काढून टाका, नाहीतर पंधरा दिवसांनी येणारा बाप मुलाला शिक्षा घेऊन येणाऱ्या माणसासारखा वाटू लागतो. झाले ते तुम्ही त्यांना फोनवर स्वतः सांगा, मुलाच्या तोंडून कळू देऊ नका. वडिलांना हे अवघड जाते याची मला जाणीव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने आसपासच्या गावांतून फौजेत गेलेले आणि निवृत्त होऊन परतलेले बाप मला बरेच भेटतात. त्यांपैकी एकाची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, सांगते. रजेवर आल्यावर सातवीतल्या मुलाला त्यांनी पट्ट्याने मारले होते. निवृत्तीनंतर पाहतात तो पीयूसीत (अकरावी-बारावीत) शिकणारा तो मुलगा, बाप खोलीत आला की उठून बाहेर जाई. "माफी मागितली तर डोक्यावर बसेल," असे ते मला दोन महिने सांगत राहिले. शेवटी भाताच्या लावणीच्या दिवसांत, बांधावर उभे राहून, त्यांनी तीन वाक्यांत झाले ते सांगितले. मुलगा काहीच बोलला नाही. चार महिन्यांनी धारवाडला प्रवेशाच्या कामाला जायचे होते तेव्हा तो एवढेच म्हणाला, "तुम्ही येता काय माझ्याबरोबर?"

एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा ठरवूनही हात पुन्हा पुन्हा उचलला जात असेल, तर हा केवळ अपराधभाव राहिलेला नाही आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलण्याची सोय आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. समोर बसून बोलायचे असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जाता येईल. मुलाला कुणाकडूनही गंभीर इजा होत असेल तर १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे. हे उत्तर वाचणाऱ्यांत कुणी तान्ह्या बाळाची आई असेल तर तिने विशेष ऐकावे: भारतातील ३८ अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित आढाव्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. बाळाचा राग येणे, बाळाजवळ जावेसे न वाटणे हे त्या आजाराचे लक्षण असू शकते. त्यासाठी स्वतःला क्षमा करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना भेटणे अधिक गरजेचे आहे.

सासूबाईंना पटवून देण्याच्या भरीस आत्ताच पडू नका. त्यांना एवढेच सांगा की अभ्यासाच्या वेळी मी परसात गेले तर पाच मिनिटे तुम्ही त्याच्याजवळ बसा. ज्या बाईने मुले वाढवली तिला काम दिलेले आवडते, उपदेश केलेला आवडत नाही.

राहिला त्याचा प्रश्न, 'आई, तू चिडणार नाहीस ना?' तुम्ही बोललात म्हणून तो प्रश्न दुसऱ्या दिवशी थांबणार नाही. पुढचे काही आठवडे तो आभाळाकडे पाहून पाऊस येणार का याचा अंदाज घ्यावा तसा तुमचा चेहरा पाहत राहील. त्याला 'मी कधी चिडते का?' असे विचारू नका आणि 'सारखं काय तेच' असेही म्हणू नका. दर वेळी तेच शांत उत्तर द्या: "चिडले तरी मारणार नाही. परसात जाईन." मग एखाद्या संध्याकाळी, तुमच्याकडे न पाहता, तो वही ढकलून देईल आणि म्हणेल, "मला आत्ता नाही लिहायचं." त्या क्षणी तुम्हाला राग येईल, आणि तो येणारच. पण तुमचा चेहरा न पाहता त्याने तोंड उघडले, हे ध्यानात ठेवा. इतके दिवस तुम्ही त्याचीच वाट पाहत होता. वही मिटा, परसात जा, पाणी प्या आणि परत या.